अंगणातील पाखरे : दयेकडून मैत्रीकडे

इतिहासाच्या तासाला सम्राट अशोकाचे लेख शिकवताना मी विद्यार्थ्यांना दरवर्षी एक प्रश्न विचारतो. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या राजाला दगडावर पाखरांची नावे कोरून ठेवण्याचे काय कारण पडले असेल? वर्ग थोडा वेळ गप्प राहतो. मग हळूहळू उत्तरे येऊ लागतात.

अशोकाचा पाचवा स्तंभलेख त्याच्या राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यानंतरचा आहे. ज्यांची हत्या करू नये अशा प्राण्यांची यादीच त्यात दिली आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस अशी नावे येत येत ती यादी पांढऱ्या कबुतरापर्यंत आणि ‘ग्रामकपोता’पर्यंत पोहोचते. ग्रामकपोत म्हणजे गावातले कबूतर; आपण ज्याला पारवा म्हणतो आणि जो घराच्या वळचणीला घुमत बसतो, तो. रानातल्या दुर्मीळ पक्ष्यांच्या पंक्तीला घराशेजारच्या या साध्या पाखरालाही राजाज्ञेत स्थान मिळाले. भुशात जीव असतील तर तो भुसा पेटवू नये, विनाकारण वा हिंसेसाठी वणवा लावू नये, असेही त्याच लेखात बजावले आहे. आणि लेखाच्या शेवटी, या २६ वर्षांत २५ वेळा कैद्यांची सुटका केल्याची नोंद आहे. पाखरांना अभय आणि बंदिवानांना मुक्ती या दोन्ही गोष्टी एकाच दगडावर कोरल्या गेल्या, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

पहिला शिलालेख त्याहून अधिक बोलका आहे. पूर्वी आपल्या पाकशाळेत रोज लाखो प्राणी मारले जात, आता फक्त तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही आणि पुढे हे तिघेही मारले जाणार नाहीत, असे सम्राट स्वतः सांगतो. प्रजेला उपदेश करण्याआधी त्याने आपल्या घरच्या चुलीचा हिशेब जाहीर केला. आपल्या महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे त्याच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे या राजाचा आवाज आपल्या भूमीपर्यंतही पोहोचला होता. जीवरक्षणाची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी, हा त्याचा धडा प्रस्तुत लेखाचा पाया आहे.

खळ्यावरचे मातेरे

शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके असले तरी त्यांची प्रकृती एक नाही. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडचा शिरूरचा पट्टा कोरडवाहू, बाजरीचा. दौंडचा भीमाकाठ मात्र पाण्याने समृद्ध. तिथे ऊस आणि गुऱ्हाळे. माझ्या लहानपणी मात्र दोन्हीकडच्या घरांत एक साम्य होते. मातीच्या भिंती, धाब्याचे छत, लाकडी सर आणि तुळया, भिंतीत कोनाडे. चिमणीला घर बांधायला वेगळी जागा शोधावी लागत नसे. सराच्या सांदीत तिचे घरटे असे, आणि तिच्या काड्या-कापूस पडला म्हणून आई रोज कुरकुरत झाडून काढी. पण घरटे काढ, असे तिने कधी म्हटल्याचे मला आठवत नाही.

सुगीच्या दिवसांत खळ्यावर बाजरीची रास लागे. मालक धान्य भरून नेई. मागे उरे ते मातेरे, म्हणजे मातीत मिसळलेले दाणे. त्या मातेऱ्यावर दोघांचाच डोळा असे. एक पाखरांचा, दुसरा आमच्या आज्यांचा. आजी सुपात माती घेऊन पाखडत बसे आणि चार हातांवर चिमण्या, होले, साळुंक्या टिपत असत. ती त्यांना हाकलत नसे. विचारले तर म्हणे, ‘त्यांचं पण पोट हाय की.’ जिला स्वतःच्या पोटाची भ्रांत होती, तिचे हे शब्द होते. पुढे एम.ए.ला मी बलुतेदारीचा अभ्यास केला, ग्रंथ वाचले, टिपणे काढली. पण त्या व्यवस्थेतले आमचे स्थान मला पहिल्यांदा त्या मातेऱ्याने दाखवले, आणि माणूस म्हणून आजी केवढी मोठी होती, हेही त्यानेच दाखवले.

आज खळी गेली. मळणीयंत्रे आली, दौंडकडे तर बाजरीच्या जागी ऊस आला. धाब्याची घरे पडून सिमेंटचे स्लॅब आले. आपल्या समाजाच्या दृष्टीने पक्के घर ही मोठी कमाई आहे आणि तिचा अभिमान वाटलाच पाहिजे. परंतु गुळगुळीत भिंतीत चिमणीला सांदी मिळत नाही आणि फरशीच्या अंगणात धूळस्नानाला माती मिळत नाही. आपण पाखरांना मारलेले नाही. त्यांची जागा तेवढी आपल्या नकळत बुजवून टाकली. म्हणून मूठभर दाणे टाकून हा प्रश्न सुटणार नाही. दाणा टाकणे सोपे आहे, जागा सोडणे अवघड आहे.

दया आणि मैत्री

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी करुणा आणि मैत्री यांतील फरक स्पष्ट केला आहे. माणसांविषयीची करुणा पुरेशी नाही, तिच्यापलीकडे जाऊन सर्व जीवमात्रांशी मैत्री हवी, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. मला हा भेद पाखरांच्या बाबतीत फार उपयोगी वाटतो. दया वरून खाली वाहते. देणारा मोठा असतो, घेणारा लहान. देणाऱ्याला पुण्य हवे असते. मैत्रीत वाटणी असते. अंगण, झाड, पाणी यांत पाखराचाही वाटा आहे, एवढे मान्य केले की मैत्री सुरू झाली.

२० मार्च या तारखेकडे मी याच दृष्टीने पाहतो. १९२७ साली याच दिवशी महाड येथे बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. आणि २०१० पासून हाच दिवस जागतिक चिमणी दिन म्हणूनही पाळला जातो. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने त्यासाठी पुढाकार घेतला. हा तारखांचा योगायोग आहे, त्यात कोणी गूढ शोधू नये. पण शिक्षकाने योगायोगाचाही उपयोग करावा. चवदार तळ्यावर गुराढोरांना आणि पाखरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. पाखराला पाणी मिळत होते ही चूक नव्हती. माणसाला मिळत नव्हते ही चूक होती. ती दुरुस्त करण्यासाठी ज्यांच्या पूर्वजांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्या अंगणात कोणीही तहानलेले राहू नये. म्हणून २० मार्चला सकाळी अभिवादन झाल्यावर प्रत्येक घरात पाखरांसाठी पाण्याचे एक भांडे ठेवले जावे, असे मला मनापासून वाटते.

पाणी, दाणा, निवारा

आता व्यवहाराकडे वळू. प्रथम पाणी. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ओढे आटतात, तेव्हा पाखराला दाण्याहून पाण्याची निकड अधिक असते. भांडे मातीचे, पसरट आणि उथळ असावे. पाण्याची खोली दोन-तीन बोटांहून जास्त नको. मध्ये एखादा खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखराला उभे राहता येते आणि ते बुडत नाही. भांडे सावलीत, पण जिथे मांजर दबा धरून बसू शकत नाही अशा जागी, शक्यतो उंचावर ठेवावे. पाणी रोज बदलावे आणि भांडे घासावे. शिळ्या पाण्यातून पाखरांचे आजार पसरतात आणि डासांच्या अळ्याही होतात. भांडे ठेवून फोटो काढण्यास एक मिनिट पुरते. ते रोज घासायला संपूर्ण उन्हाळा द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट दाण्याची. बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी थोड्या प्रमाणात ठेवावी. खारवलेले, तळलेले, शिळे अन्न आणि पाव घालू नये. कीडनाशक चोळलेले बियाणे उघड्यावर सांडू देऊ नये. पोत्याने दाणे ओतले तर पारव्यांचीच गर्दी वाढते, आणि त्यांच्या साचलेल्या विष्ठेमुळे माणसाच्या फुप्फुसांचे विकार होऊ शकतात. मुख्य म्हणजे चिमणीच्या पिल्लांना सुरुवातीला दाणा चालत नाही. त्यांना अळ्या आणि किडे लागतात. ज्या परसात सतत विषारी फवारणी होते, तिथे वाटीभर बाजरी ठेवूनही पिल्ले जगत नाहीत. परसात शेवगा, कढीपत्ता, जास्वंद, मेंदीचे कुंपण असेल तर अळ्याही मिळतात आणि शिंजीरासारख्या पाखराला मधही मिळतो. बांधावर बाभूळ, बोर, कडुनिंब, उंबर राखावेत. एक उंबर किती पाखरांना पोसतो, हे त्याखाली सकाळी अर्धा तास उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

तिसरी गोष्ट निवारा. चिमणीसाठी लाकडी खोका करणे सोपे आहे. तळ साधारण सहा इंच लांब-रुंद आणि तोंडाचे भोक सव्वा इंच ठेवावे. भोक मोठे झाले तर साळुंकी शिरते. खोका आठ-दहा फूट उंचीवर, दुपारच्या उन्हापासून आणि पावसाच्या झडीपासून आडोशाला लावावा. चिमणी तीन ते पाच अंडी घालते. सुमारे दोन आठवडे ती उबवली जातात आणि आणखी साधारण दोन आठवड्यांनी पिल्ले उडतात. या काळात खोका उघडून पाहू नये. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे सुगरणीचे रिकामे खोपे शोभेसाठी तोडून आणण्याची सवयही सोडावी. जुन्या खोप्यांत मुनियांसारखी पाखरे आसरा घेतात. झाडाच्या फांद्या छाटायच्या असतील, तर आधी वर पाहावे. घरटे दिसले तर महिनाभर थांबावे.

पिल्लू खाली पडलेले दिसले की घरातली मुले धावतात आणि त्याच्या चोचीत पाणी ओततात. पाणी श्वासनलिकेत जाऊन ते दगावते. पिसे न फुटलेले पिल्लू असेल तर हळुवार उचलून घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही. पिसे फुटलेले पिल्लू उडायला शिकत असते. त्याचे आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्र्यापासून राखून त्याला तिथेच राहू द्यावे. पाखरू जखमी असेल तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांततेत ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पोपट पिंजऱ्यात पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही अनेक घरांत अजून माहीत नाही. नायलॉन मांजावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली. तरी झाडांवर अडकलेला मांजा दिसतोच. पतंगांचे दिवस संपल्यावर मुलांनी आपापल्या गल्लीतला मांजा गोळा करावा, हे काम कोणत्याही प्रकल्पवहीपेक्षा मोलाचे आहे.

भुशातला जीव

अशोकाने भुसा पेटवू नये असे का म्हटले, हे दौंडच्या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला लगेच समजते. तोड झाली की फडात पाचट उरते आणि संध्याकाळी त्याला काडी लावली जाते. क्षणात आग पसरते. त्या पाचटात तित्तर, लावा, चंडोल अशी जमिनीवर घरटी करणारी पाखरे असतात. मोठी उडून जातात. अंडी आणि पिल्ले मागे राहतात. दुसऱ्या दिवशी फडात जाऊन राख चाळली की काय घडले ते दिसते. मी विद्यार्थ्यांना घेऊन एकदा गेलो होतो. पुन्हा नेण्याचे धाडस झाले नाही.

शेतकऱ्याला नुसता दोष देऊन चालणार नाही. त्याला पुढच्या खोडव्याची घाई असते. पण पाचट जाळणे त्याच्याही तोट्याचे आहे. एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत पसरून, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकून कुजवले तर त्याचे खत होते, ओल टिकते आणि तण दबते. आपले जे माजी विद्यार्थी आज शेती करतात, त्यांनी आपल्या एका सरीपासून हा प्रयोग सुरू करावा. सम्राटाची आज्ञा आणि कृषी विद्यापीठाची शिफारस इथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

अपशकुनाचे ओझे

पाखरांचा दुसरा शत्रू आपल्या मनात आहे. टिटवी ओरडली की कोणी तरी मरणार, घुबड घरावर बसले की घर बसणार, अशा समजुतींनी कितीतरी पाखरांवर दगड फेकले जातात. टिटवी उघड्या रानात, ढेकळांत अंडी घालते आणि कोणी जवळ आले की पिल्लांसाठी ओरडते. तिच्या ओरडण्यात मरणाची वार्ता नसून आईची धास्ती असते. गव्हाणी घुबड मुख्यतः उंदरांवर जगते. ज्या घराने ते हाकलले, त्या घराने आपल्या कणगीचा राखणदारच घालवला. ज्या समाजाच्या नुसत्या सावलीला पिढ्यान्‌पिढ्या अपशकुन मानले गेले, त्याने तरी दुसऱ्या जिवाला अपशकुनी ठरवू नये. कावळ्याचेही तेच. पिंडदानाचा विधी आपण सोडला, ते योग्यच केले. पण विधी सोडला म्हणून कावळा सोडायचा नाही. त्याला पितर न समजता कावळा समजून पाणी ठेवावे.

पारध्याचे पोर

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात फासेपारधी समाजाचा एक मुलगा होता. पाखरांवरचा पाठ चालू असताना मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, ‘सर, ह्याच्या घरी तित्तर खातात.’ वर्ग हसला. मुलगा खाली मान घालून बसला. मी त्याला उठवून विचारले, तित्तराचे घरटे कसे ओळखायचे? तो सुरुवातीला अडखळला, मग बोलू लागला. कोणत्या गवतात, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला, मादी कुठून शिरते आणि पाऊल कसे लपवते. पंधरा मिनिटे वर्गात कोणी हलले नाही.

पारध्यांवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का बसला; तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, असे पुस्तक सांगते. लोकांच्या नजरेतून तो अजून पुसलेला नाही. बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार मांडताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. भुकेपोटी फास लावणारा आणि मौजेखातर बेचकी चालवणारा यांना एका तराजूत तोलता येत नाही. कायदा पाळलाच पाहिजे. पण ज्या घराला शेत नाही, काम नाही, त्याला फक्त बंदी देणे म्हणजे न्याय नव्हे. शिक्षण आणि रोजगार दिला, तर पाखरे राखण्याचे ज्ञान त्याच घरात सर्वाधिक आहे. दौंडच्या सीमेलगत, उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगावच्या मासेमार तरुणांनी हे दाखवून दिले आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात तेव्हा ते पर्यटकांना नावेतून पक्षी दाखवतात आणि त्यावर त्यांचे घर चालते.

चिंचोलीचा वस्तुपाठ

शेवटी आपल्याच तालुक्यातला धडा. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली या गावाच्या नावातच चिंच आणि मोर आहेत. जुन्या चिंचांच्या सावलीत मोर राहतात आणि सकाळ-संध्याकाळ शेतात, घरांच्या आसपास निर्धास्त फिरतात. मोर काही फुकट राहत नाही. तो पेरलेले टिपतो, कोवळे कोंब खुडतो. तरी गावाने त्याला आपला मानले. पुढे त्याच मोरांमुळे गावात कृषी पर्यटन उभे राहिले. मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला. या गावाची मोराशी सोयरीक त्याहून जुनी आहे. अशोकाच्या पाकशाळेतले ते दोन मोर आठवले की मला ही चिंचोली आठवते. राजाला जे आज्ञा काढून करावे लागले, ते गावाने सवयीने केले.

घरी करावयाचा अभ्यास

पालकांनी मुलांसोबत पुढील तीन कामे वर्षभर करावीत. पहिले, अंगणातून दिसणाऱ्या पाखरांची नावे, महिना आणि वेळ एका वहीत लिहावी. नाव माहीत नसेल तर रंग, चोच आणि आवाज लिहावा. दुसरे, घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारून, त्यांच्या लहानपणी दिसणारी आणि आता न दिसणारी पाखरे नोंदवावीत. हाच आपला स्थानिक इतिहास. तिसरे, ५ ते १२ नोव्हेंबर या पक्षी सप्ताहात एक देशी झाड लावावे आणि तीन उन्हाळे त्याला पाणी घालावे. हा सप्ताह मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिनांच्या दरम्यान येतो. पहिला वनात राहून मराठीला पाखरांची नावे देणारा, दुसरा देशाला पाखरे पाहायला शिकवणारा.

आमची आजी निरक्षर होती. अशोकाचे नाव तिने ऐकले असेल की नाही, सांगता येत नाही. पण मातेऱ्यातला वाटा पाखरांना सोडणारा तिचा हात मला आजही दिसतो. आपल्याकडे आता मातेरे नाही. पक्के घर, नळ आणि अंगण आहे. जिच्याजवळ काहीच नव्हते तिने वाटा सोडला, तर आपण किती सोडला, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या दारात उभे राहून करावा.

जयभीम. नमो बुद्धाय.